स्की जंपिंग : सगळ्यात लांब उडी मारणारा हरतो कसा? सीझनचं गणित कुणी समजावेल का?

हरभट_रोडवाला (सांगली)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण विचारतोच. आमचा मावसभाऊ ऑस्ट्रियात नोकरीला असतो, दिवाळीला घरी आला आणि येताना हे स्की जंपिंगचं खूळ घेऊन आला. रोज जेवणं झाली की टीव्हीला मोबाईल जोडायचा आणि २०२४-२५ च्या सीझनचे हायलाइट्स लावायचे. पहिले दोन दिवस आई म्हणायची बंद करा ते, माणूस पडतोय की काय असं वाटतंय, आता तीच विचारते की तो पिवळ्या बनियनवाला आला का म्हणून.

बघायला भारीच आहे, वाद नाही. फळीवर बसलेला गडी, दिवा हिरवा झाला की सुटतो, बर्फाच्या दोन खाचांतून सुसाट खाली येतो, टोकाला उभा राहतो आणि मग पडतच नाही, तरंगत जातो. पण निकाल लागला की माझं डोकं गरगरतं. एकजण चांगला १३५ मीटर गेला, पब्लिक येडं झालं, आणि पुढं लागला १३१ वाला! एकाच्या नावापुढं वजा नऊ काहीतरी, दुसऱ्याच्या पुढं अधिक पाच. एकाला तर उडी मारून खाली आल्यावर कपडे बघून बाहेर काढला. आम्ही घरात उडीवर भडंगाच्या पुड्याची पैज लावतो आणि प्रत्येक वेळी भाऊ जिंकतो कारण त्याला हिशेब कळतो आणि मला नाही. तर १) लांब उडी म्हणजे जिंकला असं का नाही, २) पूर्ण सीझनचा चॅम्पियन कसा ठरतो, ३) कपड्यांचं काय लफडं आहे? सविस्तर सांगा, घाई नाही.

चाळकेवाडीचा_वारा (सातारा)

भावा, तुझ्या वजा नऊचं उत्तर मी देतो, कारण वारा हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला आहे मी.

आधी साधा हिशेब घे. प्रत्येक टेकडीला एक के पॉइंट, म्हणजे गुण मोजायची खूण, ठरलेला असतो. समजा १२५ मीटर. बरोबर तिथं उतरलास की ६० गुण. त्याच्या पुढं मोठ्या टेकडीवर मीटरला १.८ गुण मिळतात आणि अलीकडं उतरलास तर तेवढेच कापतात. मग पाच पंच असतात, प्रत्येकाकडं २० गुण, त्यातला सगळ्यात जास्त देणारा आणि सगळ्यात कमी देणारा सोडून द्यायचा, राहिलेल्या तिघांची बेरीज, म्हणजे जास्तीत जास्त ६०. आता तुझा १३५ वाला घे. ६० अधिक १० मीटरचे १८, झाले ७८. उतरताना लडबडला, पंचांनी दिले ५४, झाले १३२. पण त्याला समोरून मस्त वारा मिळाला होता म्हणून वजा ८. राहिले १२४. आता १३१ वाला. ६० अधिक १०.८, म्हणजे ७०.८, पंचांचे ५६, आणि पाठीमागून वारा होता म्हणून अधिक ५. झाले १३१.८. आता सांग कोण जिंकला ते. आकडे मी धरलेत, पण हिशेब असाच होतो.

लोकांना वाटतं समोरचा वारा म्हणजे अडथळा. गाडीवर असशील तर अडथळा, पण हा माणूस त्या वाऱ्यावर झोपलेला असतो. समोरून, उताराच्या खालून वर येणारा वारा त्याला उचलून धरतो. पाठीमागून आला की वरून दाबल्यासारखं होतं आणि माणूस दगडासारखा खाली. म्हणून समोरच्या वाऱ्याचे गुण कापतात आणि मागच्याचे देतात. हा नियम २००९-१० पासून वर्ल्ड कपमध्ये आला. तसंच गेटचं. सुटायची फळी खाली घेतली की धाव कमी पडते, वेग कमी, म्हणून गुण वाढवून मिळतात. फळी वर नेली की कापतात. मोठ्या टेकडीवर सुटताना वेग ९० किलोमीटरच्या आसपास असतो, त्यात एखादा किलोमीटर इकडं तिकडं झाला तरी उडीत मीटरचा फरक पडतो.

आता माझं स्वतःचं मत. उताराच्या कडेनं ठिकठिकाणी वारा मोजायची यंत्रं लावलेली असतात आणि त्यांची सरासरी काढतात. पण सरासरी म्हणजे सरासरी. आमच्याकडं एकाच सड्यावर शेजारशेजारच्या दोन मशीन, तोंड एकाच दिशेला, तरी एक धावत असते आणि दुसरी लोळत असते, कारण मधे एक छोटा उंचवटा आहे. वरच्या टप्प्यात वारा पाठीमागून आणि खालच्या टप्प्यात समोरून मिळाला तर आकडा शून्याच्या जवळ येईल, पण उडी मारणाऱ्याला ते शून्य वाटणार नाही. खालच्या टप्प्यात मिळालेला वारा जास्त कामाचा, तिथंच माणूस पुढं ताणला जातो. त्यामुळं तो वजा नऊ म्हणजे अंदाज आहे, देवाचा कौल नाही. पण अंदाज नसण्यापेक्षा असलेला बरा असं माझं म्हणणं.

जुना_प्रेक्षक_मिरज

मला हे सगळं पटत नाही बघा. खेळ म्हणजे डोळ्यानं दिसला पाहिजे. जो लांब गेला आणि नीट उभा राहिला तो जिंकला, संपला विषय. आता उडी मारून झाल्यावर खेळाडूच पाटीकडं बघत उभा असतो की मी जिंकलो का हरलो. कॅल्क्युलेटरचा खेळ झालाय.

कोयनाकाठची (कराड)

काका, डोळ्यानं दिसणारा खेळ पूर्वी होता तेव्हा काय व्हायचं तेही सांगा ना! वारा फिरला की चांगला खेळाडू साठव्या मीटरला आणि भलताच कोणीतरी पहिला. नाहीतर मग वारा बदलला म्हणून अख्खी फेरी रद्द करून सगळ्यांना परत वर पाठवायचे. आणि डोळ्याचं म्हणाल तर स्वीडनच्या यान बोकलोवची गोष्ट आठवा. त्यानं स्की समांतर न ठेवता पुढून फाकवून इंग्रजी व्ही सारख्या धरल्या. लांब जायचा, पण पंचांच्या डोळ्याला ते दिसायला वाईट म्हणून स्टाइलचे गुण सटासट कापायचे. तरी पठ्ठ्यानं १९८८-८९ चा वर्ल्ड कप घेतला. पुढं काही वर्षांत सगळेच व्ही मध्ये उडायला लागले, कारण अंगाखाली हवा जास्त धरली जाते. तर पंचांच्या डोळ्यावर मी तरी फार विश्वास ठेवत नाही.

हरभट रोडवाले दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं वळते, कारण मी सीझन फॉलो करते, ऑफिसमधल्या लोकांना वाटतं मी शेअर बाजार बघते.

वर्ल्ड कप १९७९-८० ला सुरू झाला. नोव्हेंबरअखेर ते मार्चअखेर चालतो. प्रत्येक स्पर्धेत पहिल्या तीस जणांना गुण मिळतात, पहिल्याला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, मग ५०, ४५, ४० असं उतरत उतरत तिसाव्याला १. हे गुण वेगळे आणि वर भाऊंनी सांगितले ते उडीचे गुण वेगळे, त्यात घोळ करू नका, बहुतेक पैजा तिथंच हरतात. जो आघाडीवर असतो तो पिवळं बिब घालतो, म्हणजे तुमच्या आईंचा पिवळा बनियनवाला, आणि शेवटी जो पहिला त्याला स्फटिकाचा मोठा गोळा. एखादी स्पर्धा गाजवून भागत नाही, चार महिने सतत पहिल्या दहात राहावं लागतं.

२०२४-२५ चंच बघा. सुरुवातीला सगळीकडं जर्मनीच्या पियुस पाश्केचं नाव. चौतिशीतला माणूस, बाकीचे त्या वयात निवृत्तीचं बोलतात, आणि हा नाताळच्या आधीच पाच स्पर्धा जिंकून बसला. मला वाटलं झालं, यंदा हाच. पण जानेवारीत वारं फिरलं (हो, दोन्ही अर्थानं) आणि ऑस्ट्रियाची पोरं सुटली. शेवटी मोठा गोळा नेला डॅनियल चोफेनिगनं, वय २३.

मधे जी चार टेकड्यांची स्पर्धा असते तो तर वेगळाच सण. जर्मनीतलं ओबर्स्टडॉर्फ आणि गार्मिश-पार्टेनकिर्शेन, ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक आणि बिशॉफ्सहोफेन. १९५३ पासून चालू आहे. २९ डिसेंबरच्या सुमाराला सुरू, १ जानेवारीला गार्मिश आणि ६ जानेवारीला शेवट. इथं १००-८०-६० नाही, चारही ठिकाणच्या मिळून आठ उड्यांच्या गुणांची सरळ बेरीज. आणि पहिली फेरी जोड्यांची असते, ५० जणांच्या २५ जोड्या, जोडीतला जिंकणारा पुढं, शिवाय हरलेल्यांतले सगळ्यात चांगले पाच. आपल्याकडं बैलगाडा शर्यतीत गट पास व्हायला लागतो तसंच, नुसता वेग असून भागत नाही, तुमच्या गटात कोण आलंय त्यावरही असतं.

त्या वर्षी काय झालं बघा. ओबर्स्टडॉर्फ आणि इन्सब्रुक श्टेफान क्राफ्टनं जिंकलं, गार्मिश आणि बिशॉफ्सहोफेन चोफेनिगनं. शेवटच्या टेकडीवर जाताना क्राफ्ट, यान हॉर्ल आणि चोफेनिग, तिघंही ऑस्ट्रियाचे, दोन गुणांच्या आत. शेवटची उडी क्राफ्टची. वर फळीवर बसलाय, वारा नीट नाही म्हणून दिवा हिरवा होईना, खाली स्वतःचं घरचं पब्लिक. अखेर सुटला, आणि कमी पडला. चोफेनिग पहिला, हॉर्ल १.४ गुणांनी दुसरा, क्राफ्ट तिसरा. आठ उड्या, जवळजवळ बाराशे गुणांची बेरीज आणि फरक १.४! मीटरमध्ये काढलात तर एक मीटरसुद्धा भरत नाही. म्हणजे आठपैकी एका उडीत पंचांना हात जरा वाकडा दिसला असता तरी निकाल फिरला असता. काका, यात काय कॅल्क्युलेटर आहे, माझ्या हाताला घाम आला होता.

चारही टेकड्या एकाच सीझनला जिंकणारे आजवर मोजके. स्वेन हानावाल्डनं २००१-०२ ला पहिल्यांदा केलं, मग १६ वर्षांनी कामिल श्टोख, आणि लगेच पुढच्या वर्षी जपानचा र्योयू कोबायाशी.

मास्तर_टेलर_विटा

कपड्याचा प्रश्न माझ्याकडं सोडा. मशीनवर बसून निम्मं आयुष्य गेलं आणि नातवानं हा प्रकार दाखवल्यापासून मी उडी बघतच नाही, नुसता सूट बघतो.

आधी कारण समजून घ्या. हवेत माणूस पसरतो तेव्हा त्याचा सूट शिडासारखा काम करतो. जेवढं कापड जास्त, तेवढी हवा जास्त धरणार. सगळ्यात फायद्याची जागा म्हणजे दोन पायांच्या मधली, आमच्या भाषेत आसन. आसन खाली उतरवलं की पाय फाकल्यावर मधे पडदा तयार होतो. आमच्याकडं गिऱ्हाईक म्हणतं मास्तर आसनात थोडं सैल ठेवा, बसताना उसवतंय. तिथं त्या पोरांना तेच पाहिजे असतं पण वेगळ्या कारणानं. म्हणून नियम असा की सूट अंगापेक्षा काही सेंटीमीटरच मोठा चालेल आणि कापडातून हवा ठराविक प्रमाणात आरपार गेलीच पाहिजे. कापड जाड असतं, थरांचं, फोमसारखं. माप घेणारे अधिकारी वेगळे असतात, उडीच्या आधी नाहीतर नंतर कुणालाही बाजूला घेतात. एक सेंटीमीटर जास्त निघाला की उडी गेली, मग तुम्ही विश्वविक्रम का केला असेना.

२०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमधे मिश्र सांघिक स्पर्धेत एकाच संध्याकाळी पाच पोरी बाद झाल्या, सूट मापात बसला नाही म्हणून. त्यात जपानची सारा ताकानाशी होती, एवढी मोठी खेळाडू, बिचारी तिथंच रडायला लागली. मला खरंच वाईट वाटलं. थंडीत अंग आकसतं, वजन हलतं, सकाळी बरोबर बसलेला सूट संध्याकाळी सैल होऊ शकतो, हे शिवणाऱ्याला विचारा.

पण मार्च २०२५ ला नॉर्वेत जे झालं त्याला मात्र माफी नाही. ट्रॉन्डहाइमला जागतिक स्पर्धा, म्हणजे घरची. नियमाप्रमाणं सूट तपासून त्यात चिप बसवलेली असते, म्हणजे नंतर बदलायचा नाही. नॉर्वेच्या संघानं रात्री चिपवाला सूट उसवून आसनाच्या शिलाईत कडक दोरा घातला, म्हणजे कापड ढिलं न पडता ताणलेलं राहावं. कुणीतरी लपून त्याचा व्हिडिओ काढला. तक्रार झाल्यावर अधिकाऱ्यांनी शिलाई फाडून बघितली तेव्हा दोरा हाताला लागला. मारियुस लिंडविकचं मोठ्या टेकडीवरचं रौप्य गेलं, योहान आंद्रे फोरफांगही बाद, नंतर दोघांवर तीन महिन्यांची बंदी. प्रशिक्षकाला जावं लागलं. त्यांच्या संघाच्या मॅनेजरनंच कबूल केलं की फसवणूक झाली.

आता धंद्याच्या नजरेनं सांगतो. मी ते फोटो मोठे करून बघितले. दोरा आतल्या बाजूनं, शिलाईच्या मायेत दडवलेला. बाहेरून हात फिरवला तरी कळणार नाही असं काम. ज्यानं केलं त्याचा हात चांगला आहे, अक्कल वाईट आहे.

तालीमवाला_कवलापूर

वजनाचं कुणी बोललंच नाही. हलका माणूस लांब उडतो म्हणून एके काळी पोरं उपाशी राहायची, अंगाची काडं करून घ्यायची. मग २००४ च्या सुमाराला नियम केला, उंचीच्या मानानं वजन कमी भरलं की स्की तेवढी छोटी वापरायची. स्की जास्तीत जास्त उंचीच्या १४५ टक्के, आणि वजन घटलं की ती पण घटणार. म्हणजे उपाशी राहून जे कमावलं ते लांबीत गमावलं. आमच्या तालमीत वजन तोडायला पोरं काय काय करतात ते बघितलंय, त्यामुळं हा नियम मला लय आवडला.

हरभट_रोडवाला (सांगली)

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. ती १२४ आणि १३१.८ वाली बेरीज वहीत उतरवून घेतली, आज रात्री भावाला गाठतो. अजून एक, त्यानं परवा एक व्हिडिओ दाखवला त्यात कोणीतरी २९१ मीटर गेलाय, आणि तोच वर म्हणतो विक्रम २५४.५ चा आहे. मला वाटतं मला परत गंडवतोय.

कोयनाकाठची (कराड)

गंडवत नाहीये दादा, दोन्ही खरं आहे. २९१ वाला कोबायाशी, एप्रिल २०२४, आइसलंडमधे खास त्याच्यासाठी बर्फात टेकडी तयार केली होती. स्पर्धा नव्हती, नियमाचे पंच नव्हते, म्हणून आंतरराष्ट्रीय संघटना ते धरत नाही. अधिकृत विक्रम स्लोव्हेनियाच्या डोमेन प्रेव्त्सचा, २५४.५ मीटर, ३० मार्च २०२५, प्लानित्सा, म्हणजे त्याच सीझनचा शेवटचा दिवस आणि तेही घरच्या टेकडीवर. त्याच्या आधी २०१७ पासून क्राफ्टचा २५३.५ होता. आठ वर्षांत एक मीटर! प्लानित्सासारख्या सगळ्यात मोठ्या, उडत्या टेकड्यांवर वेग शंभरच्या वर जातो आणि तिथं मीटरला १.८ नाही १.२ गुण, के पॉइंटला ६० ऐवजी १२०, हे पण वहीत लिहा नाहीतर भाऊ परत भडंग खाईल.

आणि त्या प्रेव्त्सच्या घराबद्दल काय बोलायचं. मोठा भाऊ पीटर, २०१५-१६ ला एकाच सीझनमधे १५ स्पर्धा जिंकला होता, २५० मीटर गाठणारा पहिला माणूस तोच. धाकटी बहीण निका, तिनं २०२४-२५ चा महिलांचा वर्ल्ड कप सलग दुसऱ्यांदा नेला, ट्रॉन्डहाइमला दोन्ही वैयक्तिक सुवर्णं घेतली आणि मार्चमधे विकरसुंडला २३६ मीटर उडाली, महिलांचा जागतिक विक्रम. म्हणजे पुरुषांचा आणि बायकांचा विक्रम एकाच घरात, एकाच महिन्यात. तरी महिलांना ऑलिंपिकमधे घ्यायला २०१४ उजाडलं, तोवर म्हणे हे बायकांच्या शरीराला झेपत नाही. झेपतंय की नाही ते बघा आता.

जुना_प्रेक्षक_मिरज

निकाच्या उड्या मी पण बघितल्या, ती पोरगी वेगळंच रसायन आहे, तिला वारा द्या नाहीतर कापा. पण माझं म्हणणं तसंच आहे हां. क्राफ्टला त्या दिवशी वर तेवढा वेळ ताटकळत बसवला, थंडीत पाय गार पडले असतील, त्याचे गुण कुठल्या यंत्रानं दिले?

चाळकेवाडीचा_वारा (सातारा)

काका हा मुद्दा मात्र बरोबर. त्याचं यंत्र नाही. पण वारा हद्दीच्या बाहेर असताना सोडला असता आणि गडी आपटला असता तर तुम्हीच पहिले शिव्या घातल्या असत्या. आम्ही पण वारा ठराविक वेगाच्या वर गेला की टॉवरवर माणूस चढवत नाही, साहेब कितीही बोंबलू दे.

मास्तर_टेलर_विटा

गार्मिश आपल्याकडं १ तारखेला संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला असतं, नातवानं सांगितलंय. दुकान लवकर बंद करणार. हरभट रोडवाले, पैज लावताना एक करा, माणूस खाली उतरून मापाच्या खोलीतनं बाहेर येईपर्यंत भडंगाचा पुडा फोडू नका.

हरभट_रोडवाला (सांगली)

मास्तर, पुडा भावानं आधीच फोडलाय.